हुकावरची दुसरी किल्ली

रविवारी दुपारी टेबलावर पाच ताटं वाढून झाली आणि भूक एकालाही नव्हती. तरी अण्णांनी भात कालवायला घेतला, कारण कुणीतरी सुरुवात करणं भाग होतं आणि या घरात ते काम कायम त्यांच्याकडेच आलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला थोरला बसला होता, समोर धाकटा. दोघी सुना बसत होत्या आणि पुन्हा उठत होत्या. एकीला मीठ आठवत होतं, दुसरीला पाणी. मीठ आणि पाणी दोन्ही टेबलावरच होतं.

थोरल्याला जेवण नको होतं, बोलणं तर त्याहून नको होतं. त्याला फक्त झोप हवी होती. शुक्रवारी सकाळपासून तो बावीस तास कारखान्यात उभा होता, मग शनिवारी घरी येऊन तीन तास झोपला, आणि त्या तीन तासांत जे झालं त्यानंतर त्याचा डोळा लागला नव्हता. पापण्यांच्या कडा चुरचुरत होत्या. घास तोंडात घोळत राहायचा आणि तो गिळायचा राहून जायचा.

दाराशेजारच्या भिंतीवर अण्णांनी कधीकाळी ठोकलेली एक फळी होती. तिला पाच हूक आणि प्रत्येक हुकावर अण्णांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी: घर, मोटारसायकल, गच्ची, कपाट, आणि शेवटची 'दादा'. त्या शेवटच्या हुकाला एक छोटी पितळी किल्ली लटकत होती. टेबलाभोवतालच्या पाचांपैकी एकही जण तिच्याकडे बघत नव्हता.

शेवटी धाकट्या सुनेनेच विषयाला तोंड फोडलं.

"उद्या नऊला द्यायचाय ना रिपोर्ट?"

"हो," थोरला म्हणाला.

"काय लिहिणार आहात, भाऊजी?"

"जे झालं ते."

"जे झालं ते म्हणजे काय काय?"

थोरल्याने ताटाकडे पाहिलं. जे झालं ते सांगायला फार वेळ लागत नव्हता. कालपासून त्याने ते मनातल्या मनात पन्नास वेळा तरी सांगून पाहिलं होतं.

साबणाच्या त्या कारखान्यात अण्णांनी तीस वर्षं वायरमन म्हणून काढली होती. त्यांच्या वेळी पॅकिंगला दोनशे माणसं होती. आता बारा आहेत, त्यातली निम्मी पडद्यांसमोर बसतात, आणि बाकीचं सगळं पट्टे, सेन्सर आणि एक पिवळा यंत्रहात मिळून करतात. माणसं कमी झाली की कटकट कमी होईल असं वरच्या साहेबांना वाटलं होतं. कटकट तेवढीच राहिली, फक्त ती सगळीच्या सगळी थोरल्याच्या वाट्याला आली, कारण तो विजेच्या देखभालीचा इंजिनिअर होता. धाकटा तिथेच उत्पादनाचा शिफ्ट इनचार्ज. एकाने यंत्र थांबवायचं, दुसऱ्याने चालू करायचं, आणि संध्याकाळी दोघांनी एकाच घरी जेवायला यायचं, असं गेली सात वर्षं चाललं होतं.

यंत्रात हात घालण्याआधी त्याचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, हा तिथला पहिला नियम. लाल कुलूप, त्यावर फोटो आणि नावाचं कार्ड. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. एका कुलपाला एकच किल्ली. नवीन कुलूप घेताना दुसरी किल्ली तोडायची आणि तोडली म्हणून सही करायची.

थोरल्याने सही केली होती. किल्ली तोडली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडची एकुलती एक किल्ली यंत्राखालच्या गटारात पडली होती. कुलूप कापायला दोन साहेबांची परवानगी लागली आणि ती येईपर्यंत अख्खं पॅकिंग त्याच्या नावाने खडे फोडत चार तास बसून राहिलं. नवीन कुलूप मिळालं तेव्हा तो स्टोअरकीपरला "मी तोडतो" म्हणाला आणि दुसरी किल्ली घरी आणून त्याने हुकाला लावली. पुढे ती दोनदा कामाला आली. दोन्ही वेळा तो काम संपवून, कुलूप काढायचं विसरून घरी आला होता, आणि दोन्ही वेळा त्याने अंथरुणात पडल्या पडल्या धाकट्याला सांगितलं होतं, "हुकावरची घेऊन जा रे. मला नको उठवूस."

शुक्रवारी खोक्यांच्या थप्प्या वर-खाली नेणाऱ्या लिफ्टची मोटार जळाली. रात्र घालवून त्याने नवी बसवली. सकाळी फिटर कामावर आला तेव्हा तो त्याला म्हणाला, "मागच्या बाजूचं कपलिंग तेवढं आवळायचं राहिलंय. ते कर, झालं की मला फोन कर. मी येऊन कुलूप काढतो." फिटरनेही आपलं कुलूप लावायला हवं होतं. नेहमी लावायचा. पण साहेबांचं कुलूप लटकतंय म्हणजे समोर भिंतच उभी आहे, असं त्याला वाटलं. तो मागचा पत्रा काढून लिफ्टच्या पोटात शिरला.

दहा वाजता धाकट्याला पडद्यावर लिफ्ट बंद दिसली. देखभालीच्या खोलीतला फोन वाजून वाजून थांबला. पॅनेलवर दादाचं कुलूप आणि दादा घरी. तिसऱ्यांदा विसरला, असं त्याने धरून चाललं. मोटारसायकल काढून तो घरी आला, वहिनीकडून किल्ली घेतली, परत जाऊन कुलूप काढलं, मेन चालू केला आणि पडद्यासमोर बसून बटण दाबलं. लिफ्ट खाली आली. फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

एवढंच झालं होतं.

"मोठ्या साहेबांचा फोन आला होता ना तुम्हाला?" धाकट्या सुनेने विचारलं. "ते काय म्हणाले?"

"लांबण लावू नका म्हणाले. कुलूप होतं की नव्हतं तेवढं लिहा."

"मग झालं तर! तेच वाट दाखवतायत. कुलूप नव्हतंच असं लिहिलं की प्रश्न मिटला."

"प्रश्न नाही मिटत. मग फिटर कुलूप न लावता आत गेला असा अर्थ होतो. बोटंही त्याची आणि चूकही त्याचीच. बरा होऊन परत आला की त्याला घरी बसवतील."

"आणि खरं लिहिलं तर तुम्हा दोघांना बसवतील! एका कागदाने दोघं भाऊ घरी. भाऊजी, मी काही दुष्ट नाहीये. काल दिवसभर रडलेय मी त्या माणसासाठी. पण तुम्ही खरं लिहिलंत म्हणून त्याची बोटं परत येणार आहेत का?"

थोरला पाणी प्यायला. तिचं चुकत होतं असं त्याला छातीठोकपणे म्हणताही येत नव्हतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

"उगाच त्यांना कोंडीत पकडू नकोस," थोरली सून आपल्या जावेला म्हणाली. "दोन दिवसांत जेमतेम तीन तास झोपलेत ते."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला, वहिनी? तुमचं नाव कुठे येतंय त्यात?"

"येऊ दे ना. यायलाच पाहिजे." थोरल्या सुनेने हातातला डाव खाली ठेवला. "किल्ली कुणी दिली? मी दिली. भाऊजी दारात म्हणाले, दादाला उठवू नका, हुकावरची तेवढी द्या. मी म्हटलं, नकोच उठवायला, तीन तास तर झालेत जेमतेम. ह्या हाताने काढून दिली. वर म्हटलं, दार हळू लावा. मला वाटलं, मी चांगलंच करतेय."

धाकटा इतका वेळ ताटात बोटाने रेघा ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू बोल की काहीतरी," अण्णा त्याला म्हणाले.

"मी काय बोलू, अण्णा? दादा लिहील ते लिहील."

"हे बघा! म्हणजे मीच तेवढी वाईट," धाकटी सून म्हणाली आणि पाणी आणायला उठली. भरलेला जग टेबलावरच होता.

थोरल्याने अण्णांकडे पाहिलं. खरं तर सकाळपासून तो याच क्षणाची वाट बघत होता. सगळे बोलून झाले की अण्णा बोलतील आणि मग त्याला कुणाशी हुज्जत घालावी लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. कारण हा नियम त्याने कारखान्यात शिकलेलाच नव्हता. तो अण्णांकडून शिकला होता.

अण्णांच्या वेळी लाल कुलपं नव्हती. फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा, बस्स. घरातही तेच. साधा दिवा बदलायचा असला तरी चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज बोर्डातून बाहेर आलाच पाहिजे. थोरला बारा वर्षांचा झाल्यावर अण्णा त्याला शिडीवर चढवू लागले, आणि फ्यूज सांभाळायचं काम आठ वर्षांच्या धाकट्याकडे आलं. तो दोन्ही मुठींत फ्यूज धरून शिडीखाली उभा राहायचा. एकदा अण्णांनी मुद्दाम परीक्षा बघितली होती. "दे इकडे, झालं काम," म्हणाले. धाकट्याने मुठी पोटाशी घट्ट धरल्या. "दादा खाली उतरल्याशिवाय नाही देणार." अण्णांनी डोळे वटारले, आवाज चढवला, शेवटी गोळ्या देतो म्हणून लालूच दाखवली. पोरगं रडकुंडीला आलं पण मूठ उघडेना. पुढे महिनाभर अण्णा भेटेल त्याला हा किस्सा ऐकवत होते.

"अण्णा, तुम्ही सांगा," थोरला म्हणाला.

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"लिहू नकोस," ते म्हणाले.

"काय?"

"लिहू नकोस म्हटलं. फिटरचं आपण बघू. त्याला काय हवं नको ते आयुष्यभर बघू. पण कागदावर नको. कागदावर आलं की ते आपलं राहत नाही." मग हळूच, जणू फक्त थोरल्यालाच ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले, "माझी दोन्ही पोरं आहेत रे तिथे."

थोरल्याला वाटलं, आपली बसायची खुर्चीच कुणीतरी काढून घेतली. अण्णांनी खडसावलं असतं, दोघांच्या कानाखाली वाजवली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. तीस वर्षं ज्या माणसाने कुणासाठी खिशातला फ्यूज काढला नाही, तो माणूस आज असा केविलवाण्या तोंडाने बसलेला त्याला बघवेना. धाकटी सून मात्र दुसरा जग घेऊन दारातच थांबली होती. सासऱ्यांची साथ मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. फिटरचा नंबर होता. उष्ट्या हाताने बटण दाबताना स्पीकर चालू झाला आणि तो बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"साहेब, जेवताय का?"

"नाही, बोल. कसा आहेस?"

"ठीक आहे. ठणकतंय, पण ठीक आहे. आत्ता कंपनीतले दोघं येऊन गेले, विचारपूस करायला. म्हणून म्हटलं तुम्हाला आधी सांगून ठेवावं." त्याच्या आवाजात औषधाची गुंगी होती. "मी सांगितलंय त्यांना, की कुलूप नव्हतंच. घाई झाली, मीच तसा आत शिरलो. तुम्हीपण तसंच लिहा, साहेब. दोघांचं सारखं पाहिजे."

थोरल्याने फोन टेबलावर ठेवला.

"ऐकताय ना? मला कळलंय किल्लीचं. कामावरची पोरं बोलत होती. पण तुम्ही बावीस तास उभे होतात, मी बघितलंय ना. हात थरथरत होते तुमचे. तुमच्यावर यायला नको. आणि माझं कुलूप मी लावलंच नव्हतं, ते काही खोटं नाही."

"अरे, पण..."

"सासूबाई चालू झाल्या का?" फिटरने विचारलं. लिफ्टला तो सासूबाई म्हणायचा आणि यंत्रहाताला जावई. सासूबाई रुसल्या की जावई उपाशी, हा त्याचा नऊ वर्षांचा जुना विनोद होता.

"नाही. बंदच आहेत."

"कपलिंगचे दोन बोल्ट राहिलेत, साहेब. चालू करण्याआधी आवळायला सांगा कुणालातरी. नाहीतर नवी मोटार पण जाईल."

फोन बंद झाला. धाकट्या सुनेच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव आला. तो आल्याचं तिला स्वतःलाच कळलं असावं, कारण तिने जग तिथेच जमिनीवर ठेवला आणि पदराने तोंड झाकून ती खाली बसली. थोरली सून उठून तिच्याजवळ गेली. मघाशी एकमेकींवर तुटून पडलेल्या दोघी जावा भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसल्या, आणि कुणी कुणाची समजूत घालत होतं ते सांगता आलं नसतं.

अण्णांनी ताट पुढे सरकवलं. धाकटा उठून मागच्या दाराने बाहेर गेला.

थोरला हात धुऊन त्याच्या मागे गेला. मागच्या पायरीवर ऊन होतं. धाकटा एका कडेला बसला होता, म्हणून तो दुसऱ्या कडेला बसला. अंग इतकं जड झालं होतं की टेकताना त्याच्या तोंडून "आई गं" निघालं. दोघांमध्ये कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली होती.

"एक विचारू?" थोरला म्हणाला.

"विचार."

"पॅनेलपासून लिफ्टपर्यंत दोनशे पावलं आहेत. तू चालत जाऊन का नाही बघितलंस?"

हा प्रश्न तो कालपासून गिळून बसला होता. धाकट्याने टोपलीतला एक चिमटा घेतला, उघडला, मिटला.

"मलाही तेच कळत नाहीये," तो म्हणाला. "रोज बसल्या जागी दिसतं ना सगळं. कुठला पट्टा अडकला, कुठली मोटार तापली, पडदा सांगतो. लिफ्टवर आत कुणी नाही असं दिसत होतं. समोरचं दार बंद होतं, म्हणजे आत कुणी नाही. तो मागून पत्रा काढून गेला होता. ते पडद्याला कसं कळणार?" मग तो म्हणाला, "लहानपणी मी फ्यूज धरून उभा राहायचो ना, तेव्हा मान वर करून तुझे पाय बघत राहायचो. शिडीवर तुझे पाय दिसतायत म्हणजे फ्यूज द्यायचा नाही. एवढंच मला कळायचं."

थोरल्याने उन्हातले पाय आत ओढून घेतले.

"आता मी एक विचारू?" धाकटा म्हणाला.

"हं."

"किल्ली घरी का आणलीस?"

"तुला माहितीये."

"नाही, तू सांग."

"माझ्यामुळे पुन्हा चार तास काम थांबू नये म्हणून." आणि मग त्याला वाटलं, हेही पूर्ण खरं नाही. "आणि झोपेतून उठायला लागू नये म्हणून. दोन्ही वेळा मी नुसतं उठून यायला हवं होतं. दहा मिनिटांचा रस्ता. मी आलो नाही. हुकावरची घे म्हटलं. तुला मीच शिकवलं की हे कुलूप माझ्याशिवायही उघडतं."

"तू दमलेला असायचास."

"दमलेला होतो. मग?"

धाकट्याने चिमटा परत टोपलीत टाकला. डोळे पुसायचे नाहीत असं ठरवलेलं असावं, त्याने ते वाहू दिले.

"लिही," तो म्हणाला. "माझं नाव घालून लिही. हिला मी समजावतो. नाही समजली तरी लिही."

थोरला आत आला. जेवणाचं टेबल तोवर आवरून पुसून झालं होतं. त्याने बॅगेतून कोरे कागद काढले. रिपोर्ट कॉम्प्युटरवर करायचा असतो, पण त्याला आज पडद्यासमोर बसवेना. आधी हाताने लिहायचं ठरवून त्याने पेन उघडलं. पहिली ओळ सुचायला वेळ लागला नाही. 'मेन स्विचवरचं कुलूप माझं होतं. त्याची दुसरी किल्ली तोडल्याची सही मी केली होती, पण ती मी तोडली नव्हती.' मग दोन्ही जुने प्रसंग लिहिले. फिटर कुणाच्या सांगण्यावरून आत गेला ते लिहिलं. फिटरने स्वतःचं कुलूप लावलं नव्हतं हेही लिहिलं, कारण ते खरं होतं, आणि त्याच्या पुढे लिहिलं की माझं कुलूप असताना ते माझ्याशिवाय निघेल अशी शंका येण्याचं त्याला काहीच कारण नव्हतं. बायकोचं नाव लिहिताना त्याचा हात अडखळला. 'किल्ली घरच्यांकडून घेतली' असं त्याने लिहिलं.

मागे उभी राहून ती वाचत होती. "घरच्यांकडून म्हणजे?" तिने विचारलं.

"असू दे गं तसंच."

"तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही, तेवढं तरी लिहा."

त्याने ते लिहिलं.

धाकट्याने उभ्या उभ्याच कागद वाचला. त्याच्याबद्दलच्या परिच्छेदापाशी तो थांबला. तिथे लिहिलं होतं, 'काम संपलं आहे अशा समजुतीने त्यांनी कुलूप काढलं.'

"इथे एक वाक्य राहिलंय."

"कुठलं?"

धाकट्याने पेन घेतलं आणि समासात, स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'दोनशे पावलं होती. चालत जाऊन बघितलं नाही.' खाली सही केली. त्याची बायको दारात उभी राहून हे बघत होती. थोड्या वेळाने तिने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. याचा अर्थ तिने माफ केलं असा नव्हता, पण चहा पाच जणांसाठीच टाकला होता.

अण्णा इतका वेळ आपल्या खोलीत होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा जुना लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता. कुणाशीही न बोलता ते फळीपाशी गेले. शेवटच्या हुकावरची किल्ली काढून त्यांनी खिशात घातली, मग हुकाच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू एकेक करून काढले. स्क्रू गंजलेले असल्यामुळे त्याला बराच वेळ लागला. थोरला मदतीला उठणार होता, पण धाकट्याने त्याचा दंड धरला. हूक निघाला तेव्हा अण्णांनी 'दादा' ही चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

मग ते टेबलापाशी आले आणि त्यांनी किल्ली कागदांवर ठेवली.

"ही पण पाकिटात घाल," ते म्हणाले. "मघाशी मी काय बोललो ते विसर."

"तुमचं चुकलं नव्हतं, अण्णा."

"चुकलंच होतं. मला समजावू नकोस." आणि ते चहाची वाट बघत आपल्या खुर्चीत बसले.

साडेतीन झाले होते. इस्पितळात भेटायची वेळ पाचपासून होती. फिटरला हे वाचून दाखवायचं, त्याची समजूत काढायची, कंपनीतल्या लोकांना सांगितलेलं त्याला बदलायला लावायचं, हे काम रिपोर्टपेक्षा अवघड जाणार होतं. थोरला आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. बायको मागोमाग आली आणि तिने सवयीने पडदा ओढला.

"साडेचारला उठव," तो म्हणाला.

"हो."

"नक्की उठव."

"हो म्हटलं ना."

ती बाहेर पडेपर्यंत त्याचा श्वास संथ झालाही होता.

साडेचारला ती परत आली तेव्हा तो एका कुशीवर वळला होता. तोंड अर्धवट उघडं, एक हात पलंगाखाली लोंबणारा. कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच गेल्या होत्या. दोन दिवसांनी लागलेली झोप होती. उद्या सकाळी नऊनंतर या माणसाला कधी अशी झोप लागेल कुणास ठाऊक, असं तिच्या मनात आलं. पंधरा मिनिटं उशीर झाला तर काय बिघडणार होतं? पाचच्या ऐवजी सव्वापाचला पोचेल. बाहेर धाकट्याने मोटारसायकल चालू केल्याचा आवाज आला आणि त्या आवाजानेही तो जागा झाला नाही.

ती पलंगाजवळ वाकली. दोन्ही हातांनी तिने त्याचे खांदे धरले आणि जोराने हलवले.

"उठा," ती म्हणाली. "साडेचार झाले. उठा."